माल: एक निरीक्षक

त्यांना सगळे तोळामासा म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. आणि त्यांची पाठ एवढी ऐसपैस होती की तिच्यामागे अख्खं कार्यालय उभं राहून म्हणू शकत असे. ज्याची प्रकृती नाजूक त्याची प्रकृती तोळामासा, असं आपण बोलतो. या गृहस्थांची प्रकृती जिन्यावरून उतरू लागली की खालच्या मजल्यावरच्या कपबश्या एकमेकींना हाका मारत. पण नाव पडलं होतं ते हुद्द्यावरून. तोळामासा हे वजनमापे निरीक्षक होते. एकवीस वर्षं त्यांनी गावातला एकूण एक काटा तपासला, शिक्का मारला, दंड केला. वीस ग्रॅमची खोट त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फक्त स्वतःचा शर्ट पोटावर बटणं तोडतो तो धोब्याच्या इस्त्रीमुळे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे वाकडं तोंड. कुणी काही बोललं, दाखवलं, वाढलं की त्यांच्या ओठांचा उजवा कोपरा वर जाई. अर्धं बोट, जास्त नाही. तेवढ्यावर गावातले निम्मे दुकानदार दंड भरायला तयार होत. बायको त्यावरून घरातलं हवामान ओळखत असे. कोपरा अर्धं बोट म्हणजे मीठ कमी, पाऊण बोट म्हणजे मेहुणा येणार असल्याचं कळलंय.

तर खात्यात सहायक नियंत्रकाची जागा रिकामी झाली आणि तोळामाशांचा नंबर पहिला लागला. एकच कागद हवा होता, प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला, तोही महिन्याभरात. आता हा कागद म्हणजे काय, सहीचं काम. म्हणून ते बायकोला घेऊन, बाजारातून भाजी आणता आणता, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे शिरले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर करड्या परीक्षकाची. त्यांनी आधी काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव. कंबर मोजायला गेल्या तर फीत एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोचेना. मग रक्तदाब घेतला, पट्टा सोडून पुन्हा घेतला.

"एकशे बहात्तर, एकशे चार," त्या म्हणाल्या. "काका, दाखल्यावर आज सही होणार नाही."

"का म्हणून?"

"वजन आणि दाब, दोन्ही हातात हात घालून चाललेत. पोटावरची ही चरबी नुसती बसून राहत नाही. दाब वाढवते, साखर वाढवते, रक्तवाहिन्या खराब करते. अशा माणसाला मेंदूचा झटका यायचा धोका बारीक माणसापेक्षा बराच जास्त. म्हणजे अर्धांगवायू."

"अर्धांग माझं हे बसलंय शेजारी," तोळामासा बायकोकडे हात करून म्हणाले. "वायू काय तो तिलाच विचारा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "गोळी आजपासून रोज. मीठ कमी, चालणं सुरू. तीन आठवड्यांनी या, मग बघू. आणि काकू, तुम्ही ऐका. यांचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघायचं, वेळ लक्षात ठेवायची आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. झोपवून ठेवायचं नाही, चोळत बसायचं नाही."

"तोंड वाकडं म्हणाल तर लग्नाच्या दिवसापासूनच आहे," बायको म्हणाली.

तोळामाशांचा कोपरा एव्हाना पाऊण बोट चढला होता. पण त्यांचं लक्ष डॉक्टरीणबाईंकडे नव्हतंच. ते वाकले होते. वाकणं हा त्यांच्या बाबतीत टप्प्याटप्प्याने होणारा कार्यक्रम होता, पण ते वाकले आणि काट्याच्या बुडाशी बघत विचारते झाले, "यावर शिक्का कुठे आहे?"

शिक्का नव्हता. माणसं तोलायच्या काट्याला शिक्का लागतो हे डॉक्टरीणबाईंच्या गावीही नव्हतं. तोळामाशांनी तिथल्या तिथे जप्तीचा कागद लिहिला. एका हातात कोबी, दुसऱ्या हातात जप्त केलेला काटा, अशा थाटात ते बाहेर पडले. बाहेर बसलेल्या रोग्यांपैकी दोघांनी उठून नमस्कार केला म्हणतात, पण ती ऐकीव गोष्ट आहे.

गोळ्यांची पट्टी त्यांनी घरी आल्याबरोबर खणात टाकली.

"अहो, आजपासून घ्यायला सांगितलीय ना?"

"अगं, ज्या वजनावरून गोळी दिली ते वजनच सिद्ध झालेलं नाही. प्रकरण तपासावर आहे. निकाल लागेपर्यंत पुढची कारवाई स्थगित."

आता बघा, दाब काही त्या काट्याने मोजला नव्हता. पण हे बोलायला घरात हिंमत एकट्या बायकोची होती, आणि तिने ते तीनदा बोलून पाहिलं. तिन्ही वेळा कोपरा वर गेला.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त ग्रंथपाल आले. या माणसाने तेहतीस वर्षं ग्रंथालयात काढली आणि तिथल्या यच्चयावत पुस्तकांची मागची पानं वाचली. आतली वाचायला वेळ झाला नाही. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर ते बरोबर चार ओळी बोलू शकत, आणि चौथ्या ओळीच्या पुढे काय आहे ते जाणून घेण्यासाठी तुम्हाला पुस्तक विकत घ्यावं लागेल असा भाव चेहऱ्यावर आणत.

"झटका बारीक माणसाला येतो," ते खुर्चीत पाय वर घेऊन म्हणाले. "जाड माणसाला चरबीची गादी असते. झटका आत शिरायचा कुठून? आमचे मामा एकशे वीस किलो होते. शेवटपर्यंत ठणठणीत."

"शेवटपर्यंत म्हणजे किती, भाऊजी?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"म्हणजे... एक्केचाळीस."

"एक्केचाळीस वर्षं आजार नाही?"

"नाही हो वहिनी. एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत."

आत डाव जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. पण तोळामाशांनी यातलं गादीपर्यंतचं ऐकलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी जप्त काटा कार्यालयाच्या भांडारात जमा करायला गेले तर भांडारपालाने नोंदवही उघडली आणि टाक थांबवला. वहीत रकाने दोनच. एक 'धान्य व भाजीपाला', दुसरा 'मौल्यवान धातू'.

"साहेब, माणूस धान्यात धरू की धातूत?"

"माणूस माणसात धरा."

"तसा रकाना नाही. वाढवायचा तर वरून मंजुरी लागेल." भांडारपालाने चष्म्यावरून तोळामाशांकडे डोक्यापासून पोटापर्यंत पाहिलं. "सध्या भाजीपाल्यात घालतो. नाशवंत."

मंजुरीसाठी पत्र वर गेलं, वरून आणखी वर गेलं, आणि दहा दिवसांनी उत्तर घेऊन खाली आलं. माणसाचं वजन हा या कार्यालयाचा विषय होत नाही. कार्यालय फक्त मालाचं वजन तपासतं. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता आणि गोळी घेतली असती. तोळामासा एकवीस वर्षं खात्यात होते. दुसऱ्या काट्यावर स्वतःलाच तोलून घ्यायचा नवा अर्ज त्यांनी भरला, पण माणूस तोलायची परवानगी मागितलीच नाही. 'मालाचे वर्णन' यापुढे लिहिलं: एक निरीक्षक. 'नग': एक. 'वेष्टन': सुती. आणि अर्ज चार दिवसांत मंजूर झाला, कारण तो वाचायची कुणाला गरज पडली नाही.

आता सवाल राहिला काट्याचा. कार्यालयाचा स्वतःचा मोठा काटा सहा वर्षांपासून दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होता, त्याच्यावर टपालाच्या पिशव्या ठेवत. एवढा माल पेलेल असा तोळामाशांच्या शिक्क्याचा दुसरा काटा गावात एकच, धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात.

आणि इथे तोळामासा अडले. गोष्ट अशी की या व्यापाऱ्याला त्यांनी एकदा तीस ग्रॅमच्या फरकावरून आठवडाभर दुकान बंद ठेवायला लावलं होतं. पुढच्या वर्षी तपासणीला गेले तेव्हा व्यापाऱ्याने हात जोडले, खुर्ची दिली आणि भरपेट जेवू घातलं. जेवणानंतर उठवेना. मग तोळामाशांनी खुर्चीत बसूनच काट्याकडे पाहिलं, काट्याने त्यांच्याकडे पाहिलं, दोघांचं एकमेकांबद्दल चांगलं मत झालं आणि शिक्का बसला. काटा खरा होता की खोटा, हे खुद्द त्यांनाही ठाऊक नव्हतं. आता तो खोटा निघाला तर वजन सुटलं पण शिक्का बुडाला. खरा निघाला तर शिक्का वाचला आणि वजन गळ्यात. रात्रभर माणसाने कुठल्या कुशीवर झोपावं?

"प्रमाण वजनं घेऊन जाऊ," त्यांनी ठरवलं. "आधी काट्याची परीक्षा, मग मालाची. रीतसर पंचनामा होईल. पंच दोन. तू आणि ग्रंथपाल."

"आणि गोळी?"

"पंचनाम्यानंतर."

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास वरात गोदामाशी पोचली. व्यापारी दारात उभा होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आवाज लोण्यासारखा.

"या साहेब, या. काय सेवा करू? जेवण घालू का?"

"काटा दाखवा."

वीस किलोचा एक असे पाच लोखंडी ठोकळे सोबत आणले होते. गोदामाला पायऱ्या तीन. व्यापाऱ्याने दोन हमाल पुढे केले. तोळामाशांनी हात आडवा घातला. प्रमाण वजनाला निरीक्षकाखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा नियम. तो नियम ज्याने केला त्याने वीस किलो उचलले नसावेत, निदान पाच वेळा तरी नसावेत.

"अहो, उचलू द्या त्यांना. तुमचा चेहरा बघा, विटेसारखा झालाय."

"नियम म्हणजे नियम."

पहिला ठोकळा रुबाबात चढला, दुसरा गंभीरपणे. तिसऱ्याला त्यांनी पायरीवर टेकवून 'निरीक्षण' केलं. चौथ्याला जरा जास्त वेळ निरीक्षण केलं. पाचवा काट्यावर ठेवला तेव्हा त्यांचा श्वास गोदामातल्या पोत्यांवरची धूळ उडवत होता. सगळ्यांनी माना पुढे केल्या.

काट्याने दाखवलं शंभर. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही.

तोळामाशांचा चेहरा क्षणभर उजळला. खुर्चीतून मारलेला शिक्का खरा ठरला होता, एकवीस वर्षांची अब्रू शाबूत होती. आणि मग त्याच क्षणाच्या दुसऱ्या टोकाला त्यांना कळलं की आता चढायचं आपल्याला आहे.

ठोकळे उतरवून ते चढले. ग्रंथपालांनी वाचनालयात शांतता राखा म्हणणाऱ्या आवाजात वाचून दाखवलं, "एकशे तीन किलो चारशे ग्रॅम."

एका हमालाने दुसऱ्याकडे पाहिलं, पोतं साधारण पन्नासाचं असतं.

"शिक्का आपलाच आहे, साहेब," व्यापारी लोण्यात बोट घालून म्हणाला. "तीस ग्रॅमही फरक नाही."

तोळामासा उतरले. कागद घेऊन सज्ज असलेल्या ग्रंथपालांना त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. "लिहा. सदर मालाचे... सदर लामाचे... सजन एकशे..."

ग्रंथपाल तसंच लिहू लागले. पंचाने ऐकलं ते लिहायचं, शहाणपणा करायचा नाही, असं त्यांना येताना बजावलं होतं.

"साहेब चिडले," व्यापारी हळूच म्हणाला. "तोंड बघा कसं वाकडं केलंय."

वाकडं होतंच. गोदामातल्या साऱ्यांनी ते तोंड आधी कधी ना कधी पाहिलेलं होतं, त्यामुळे सगळे अदबीने एक पाऊल मागे सरले. उजव्या हातातला शिक्का खाली पडला, तेव्हाही जो तो समजला की रागाने आपटला.

बायको मात्र पुढे आली. सत्तावीस वर्षं जो कोपरा वर जाताना पाहिला होता, तो उजवा कोपरा आज खाली लोंबत होता. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं.

"हे ह्यांचं वाकडं नाही," ती म्हणाली. "ह्यांचं उजवीकडे वर होतं. भाऊजी, वेळ लिहा."

"वेळ कशाला वहिनी, मजकूर अजून..."

"घड्याळ बघा आणि वेळ लिहा. अहो, दोन्ही हात वर करा बघू."

डावा वर गेला. उजवा जिथल्या तिथे राहिला. तोळामासा त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"अकरा वाजून सतरा मिनिटे," ग्रंथपालांनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चार ओळीही सुचत नव्हत्या. हमालांतला एक म्हणाला, तळपाय चोळू या. दुसरा म्हणाला, पाणी पाजा. बायकोने दोघांना एका नजरेत गप्प केलं.

"गाडी कुठेय तुमची?"

व्यापाऱ्याचा लोण्याचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "दारातच उभी आहे, ताई. पण मालाची गाडी. त्यात माणूस नेला तर दंड होतो, साहेबांनीच मागे..."

"अर्ज वाचा. मालच लिहिलंय त्यांना. नग एक."

व्यापाऱ्याने अर्ज वाचला नाही. त्याने स्वतः पुढे होऊन तोळामाशांना काखेतून धरलं, दोन हमालांनी पाय धरले, आणि एकशे तीन किलो चारशे ग्रॅम माल रिकाम्या पोत्यांवर आडवा झाला. गाडी व्यापाऱ्यानेच हाकली. वाटेत बायकोने नवऱ्याचा उजवा हात मांडीवर घेतला होता. तो जड लागत होता, आणि तिला पकडत नव्हता. बोलण्यासारखं जे होतं ते तीन आठवडे खणात पडलं होतं.

मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कधी सुरू झालं?"

बाकीचे नातेवाईक या प्रश्नाला म्हणतात, सकाळपासून जरा काहीतरी होतं. ग्रंथपालांनी पंचनामा पुढे केला. "अकरा वाजून सतरा मिनिटांनी. दोन पंचांसमक्ष."

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मेंदूचा फोटो काढतो. रक्तस्राव नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, तुम्ही वेळेत आलात. डोस वजनावर ठरतो. वजन साधारण किती असेल?"

"साधारण नाही," बायको म्हणाली. "एकशे तीन किलो चारशे ग्रॅम. काटा आधी तपासून घेतलाय."

डॉक्टरांनी हातातला कागद उलटून पाहिला. "मालाचे वर्णन, एक निरीक्षक?"

"ते तुम्ही सोडा. इंजेक्शन आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोळामाशांनी उजव्या हाताची बोटं मिटली. चौथ्या दिवशी पहिलं सरळ वाक्य बोलले. साऱ्यांना वाटलं बायकोचे आभार मानतील. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा काटा तपासला का कुणी?"

तपासला होता. भाजीपाल्याच्या रकान्यातून काढून भांडारपालाने परवाच शेजारच्या गावच्या निरीक्षकाकडून तपासून घेतला होता. काटा खोटा होता. शंभरावर पाच किलोंहून अधिक कमी दाखवत होता.

"मी म्हटलं नव्हतं, काटा खोटा आहे?" तोळामासा उशीवरून म्हणाले. जिंकल्याचा आनंद बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर राहिला. बायको त्यांना गोळी देत होती, त्यांनी ती बिनतक्रार गिळली.

सहायक नियंत्रकाची जागा भांडारपालाला मिळाली. प्रकृती ठणठणीत, वजन अठ्ठावन्न. त्याने उभ्या नोकरीत नोंदवहीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्यामुळे सगळे अवयव नव्यासारखे होते. पहिल्याच दिवशी त्याने वहीत तिसरा रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं 'इतर'.

तोळामासा आता रोज सकाळी चालतात. ग्रंथपाल सोबत असतात आणि चार ओळी सांगतात. दर रविवारी दोघं गोदामात जातात, व्यापारी खुर्ची देतो, ती ते घेत नाहीत. काट्यावर चढतात. तीन महिन्यांत एक्क्याण्णवावर आले. व्यापारी दर वेळी उतरलेले ग्रॅम मोठ्याने वाचतो आणि नंतर हळूच म्हणतो, "माल हलका भरतोय, साहेब. तक्रार करायला हवी." उजव्या हाताच्या अंगठ्यात थोडी कमजोरी राहिली आहे. शिक्का मारताना डावा हात लावावा लागतो, आणि त्यासाठी उठून उभं राहावं लागतं. खुर्चीतून शिक्का मारणं बंद झालं ते असं.

एवढ्यात कार्यालयातून तो पंचनामा परत आला. नव्या सहायक नियंत्रकांनी तांबड्या शाईने लिहिलं होतं: 'पंचांचा शेरा' हा रकाना रिकामा, पूर्तता करून सादर करावा.

कागद आला तेव्हा तोळामासा जेवायला बसले होते. ताटात उकडलेला दुधी, मिठावाचून. त्यांनी एक घास घेतला, आणि ओठांचा उजवा कोपरा सावकाश, कुरकुरत, अर्धं बोट वर गेला.

वाढता वाढता बायको थांबली. पाहत राहिली. मग डाव खाली ठेवून तिने हात पुसले, पेन आणलं आणि रिकाम्या रकान्यात खात्याच्या भाषेत लिहिलं:

'सदर मालाचे तोंड आज रोजी पूर्ववत उजवीकडे वाकडे झाल्याचे समक्ष पाहिले. पंचांची काही तक्रार नाही.'